व्हरांड्यात मांडलेली कवळी

भाडेकरू खोली सोडून गेला, की वहिनी आधी खिडक्या सताड उघडत, मग खोलीच्या मधोमध उभ्या राहत आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून चौफेर नजर फिरवत. तेवढ्यावरून माणूस कसा होता हे त्या सांगून मोकळ्या होत. खिळे उपटून भोकं बुजवून गेलेला माणूस सज्जन. साबणाचा तुकडा मागे ठेवणारा आळशी, पण मनाने वाईट नाही. आणि जो आरसा विसरतो, त्याचं कुठेतरी लग्न जमलेलं असतं. हे शेवटचं एकदा खरं ठरलं होतं, आणि एकदा खरं ठरलेलं वहिनींना आयुष्यभर पुरायचं.

गल्लीच्या टोकाला त्यांचं घर होतं. पुढे रुंद व्हरांडा, मागे अंगण आणि अंगणाच्या कडेने भाड्याच्या तीन खोल्या. खोल्या कागदोपत्री नवऱ्याच्या. तो बस डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त झालेला. सगळी गल्ली त्याला भाऊ म्हणायची, म्हणून या वहिनी. पण कुठली खोली रिकामी झाली आणि कुठल्या खोलीत कोण आलं, हे भाऊंना जेवायला बसल्यावर कळायचं.

मागे राहिलेल्या सामानासाठी वहिनींनी स्वतःचा एक कायदा केला होता. पूर्वी एका भाडेकरूच्या खोलीत शिडी सापडली, ती त्यांनी आपलीच समजून हिरवी रंगवून घेतली. शिडी निघाली समोरच्या किराणावाल्याची. त्यावरून भर गल्लीत जी तू-तू मैं-मैं झाली, तेव्हापासून नियम ठरला: भाडेकरूने मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू एक दिवस व्हरांड्यातल्या बाकावर मांडायची. ज्याची असेल त्याने यावं, चारचौघांसमोर ओळखावी आणि घेऊन जावं. दिवे लागेपर्यंत कोणी आलं नाही, तर वस्तू वहिनींची. या बाकावरून इस्त्र्या गेल्या, छत्र्या गेल्या, एकदा तर पोपटाचा पिंजरा मूळ मालकाकडे परतला. वहिनींना या पद्धतीचा फार अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

या खेपेला खोली सोडली ती कवळीवाल्याने. दातांच्या डॉक्टरांना तो कवळ्या बनवून द्यायचा. खोलीतच प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, बारीक कानशी घेऊन खरखर करत बसायचा. काहीजण डॉक्टरला टाळून थेट त्याच्याकडेच यायचे, मागच्या बोळातल्या दाराने, मान खाली घालून. ते कोण, हे वहिनींना कधी कळलं नाही आणि ही गोष्ट त्यांना चांगलीच झोंबायची. घर आपलं, अंगण आपलं, आणि गल्लीत कोणाकोणाच्या तोंडात खोटे दात आहेत याचा आपल्यालाच पत्ता नाही!

त्याच्या वडिलांना अचानक झटका आला, म्हणून तो मिळेल त्या गाडीने गावी गेला आणि तिथूनच त्याने कळवलं, की आता वडिलांचं दुकान सांभाळणार, खोली सोडतो. फोन वहिनींनीच घेतला. घरात फोन एकच होता आणि तो त्यांच्या एप्रनच्या खिशात असायचा.

"वहिनी, साचे सगळे फेकून द्या, जुने आहेत," तो म्हणाला. "फडताळात एक निळा डबा आहे, तेवढा बाजूला ठेवा. त्यातलं काम तयार आहे. ज्याचं आहे तो माणूस येईल न्यायला."

"कोण माणूस?"

"ते नाही सांगता यायचं. माझ्या धंद्यात तोंड उघडायचं ते गिऱ्हाइकाने, मी नाही."

"म्हणजे गल्लीतलाच आहे!"

"वहिनी, डबा फक्त बाजूला ठेवा. हात जोडतो."

वहिनींनी त्याच्या वडिलांची चौकशी केली, काळजी घ्यायला सांगितलं, फोन ठेवला आणि लगेच ठरवून टाकलं, की डबा बाजूला ठेवायचा नाही. बाजूला ठेवलेल्या वस्तू बाजूलाच राहतात. खोलीला कुलूप लागणार, नवा भाडेकरू येणार, तो बिचारा माणूस बोळात उभा राहून दार वाजवणार कोणाचं? त्यापेक्षा बाक काय वाईट? यात आपल्याला ते नाव कळेल हा भाग त्यांनी मनातल्या मनातही मोठ्याने म्हटला नाही.

सकाळी चहा पिताना भाऊ म्हणाले, "किल्ली दे. कवळीवाल्याची खोली मी आवरतो."

वहिनींनी कप खाली ठेवला. "तुम्ही? इतक्या वर्षांत कधी केरसुणीला हात लावला नाहीत, आणि आज?"

"निदान फडताळ तरी. वर चढावं लागेल. तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघते. आणि त्याच्याकडे पान्हे-पकडी काही नाहीत हो, तुमच्या कामाचं काही सापडायचं नाही तिथे."

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि दुधात बुडवलेला पाव चमच्याने खाऊ लागले. हल्ली त्यांचं असंच चाललं होतं. पोट ठीक नाही म्हणायचे, मऊ तेवढंच खायचे. मिशी ओठांवरून खाली आली होती तरी छाटत नव्हते. संध्याकाळी व्हरांड्यात चारजण जमले, की हे उठून आत. निवृत्त झालेली माणसं अशी घुमी होतात, वर्षभराने येतात ताळ्यावर, असं वहिनींनी शेजारच्या टेलरबाईला ठासून सांगितलं होतं.

त्याच टेलरबाईला हाताशी घेऊन त्यांनी खोली आवरायला काढली. टेलरबाई वयाने लहान, स्वभावाने गरीब, आणि वहिनी म्हणतील त्याला हो म्हणणारी. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. ते पाहून ती दारातच थबकली.

"अगो बाई! हे सगळे आपल्याकडे बघून हसतायत."

"हसू देत. पोत्यात भर."

फडताळातला निळा डबा वहिनींनी स्वतः उतरवला. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली वरच्या जबड्याची कवळी होती. पूर्ण नव्हे, दोन्ही बाजूंच्या दाढा आणि पुढचा एक दात, मध्ये गुलाबी टाळू. सोबत वरचा आणि खालचा असे दोन साचे दोऱ्याने एकत्र बांधलेले. काम सुबक होतं. वहिनींनी कवळी उजेडात धरून फिरवून पाहिली.

"गडी माणूस आहे," त्या म्हणाल्या. "दाढा बघ केवढ्या. आणि लाजाळू आहे. पुढचा दात खऱ्यासारखा जरा पिवळट करून मागितलाय, कोणाला कळू नये म्हणून."

"वहिनी, हे नको ना बाकावर. कवळीवाला नको म्हणाला होता ना?"

"तो म्हणाला बाजूला ठेवा. बाक काय मधोमध आहे का?"

आणि बाकावर मांडणी झाली. एक तवा, दोन उशा, टेबलफॅन, कपडे वाळत घालायची दोरी आणि सगळ्यांच्या पुढे, निळ्या डब्याच्या झाकणावर, ती कवळी. तवा कोणी पाहिलासुद्धा नाही. अर्ध्या तासात गल्ली व्हरांड्यापाशी गोळा झाली. किराणावाला दुकान उघडं टाकून आला. दूधवाला सायकल भिंतीला लावून उभा राहिला. निवृत्त मास्तर चष्मा पुसत पुढे सरकले आणि कवळीकडे उत्तरपत्रिका तपासावी तसे पाहू लागले. भाऊही आले. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, बाकाकडे एकदा पाहिलं आणि तिथेच खिळले.

"बोला, कोणाचं तोंड हरवलंय?" वहिनींनी सुरुवात केली.

हशा पिकला. दूधवाला म्हणाला, मास्तरांची असेल. मास्तर म्हणाले, माझ्या दातांनी अजून तुझ्यासारखे चार विद्यार्थी चावीन. वहिनींना भरतं आलं. समोर माणसं, माणसांच्या चेहऱ्यावर हसू, आणि सूत्रं आपल्या हातात. यापेक्षा त्यांना आयुष्याकडून फारसं काही नको असायचं.

"वहिनी, थोरल्या दिरांची नक्कल!" किराणावाल्याने फर्माईश केली.

ही नक्कल गल्लीत गाजलेली होती. भाऊंचे थोरले बंधू एका समारंभात भाषणाला उभे राहिले आणि "उपस्थित" म्हणताना त्यांची कवळी निसटून पुढच्या रांगेत पडली, तो प्रसंग. वहिनींनी ओठ आत ओढले, गाल खपाटीला नेले, डोळे वटारले आणि हवेत कवळी झेलायची धडपड सुरू केली. दूधवाला भिंतीला धरून हसला. टेलरबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनींनी हसणाऱ्यांकडे एकवार पाहिलं, तेव्हा चौकटीत भाऊ नव्हते.

"आता खरी परीक्षा," किराणावाला म्हणाला. "सगळ्यांनी रांगेत उभं राहून आ करायचा. साचा आहेच. ज्याच्या तोंडाशी जुळेल त्याची कवळी. जो आ करणार नाही त्याचीच समजायची!"

कल्पना सगळ्यांना एकदम पसंत पडली. मास्तरांनी तर पहिला आ केलाही. "भाऊंना बोलवा," कोणीतरी म्हणालं. "आता तर इथे होते."

"मी देते साचा," म्हणत वहिनींनी दोरा सोडला आणि खालचा जबडा तळहातावर घेतला. बघायला सोपा जावा म्हणून त्या पुढच्या दातांवरचा चुरा अंगठ्याने पुसू लागल्या. पुसता पुसता अंगठा एका दातापाशी थांबला. तो दात शेजारच्यावर किंचित रेललेला होता आणि त्याचा कोपरा तिरका उडालेला होता.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी डेपोत जॅकचा दांडा उसळून भाऊंच्या हनुवटीवर बसला होता. ते घरी आले तेव्हा ओठ सुजून टम्म झालेला. वहिनींना तेव्हा त्यांच्याशी धड बोलायचीही लाज वाटायची, पण त्या रात्रभर ओल्या कापडाने ओठ शेकत बसल्या होत्या आणि दात हलतोय का ते पुन्हा पुन्हा बोटाने चाचपून बघत होत्या. दात हलला नाही, फक्त कोपरा गेला. ती कड त्यांच्या बोटाला अजून पाठ होती.

पाव, चमचा, मिशी, किल्ली, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. विसरलेल्या आरशावरून लग्न ओळखणारी बाई मी, आणि रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाच्या तोंडात काय उरलंय ते मला दिसलं नाही. दिसलं तर नाहीच, वर त्याच्या देखत मी ती नक्कल केली. त्यांना स्वतःचा मनस्वी राग आला. वहिनींची दातखिळी बसलेली गल्लीने त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"काय झालं?" किराणावाला पुढे झाला. "ओळखला की काय? बघू, बघू."

वहिनींनी साचा एप्रनच्या खिशात टाकला. कवळी उचलली, तीही खिशात टाकली.

"ओळखायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "माझीच आहे."

आधी कोणाला कळलंच नाही. मग दूधवाला फिस्सकन हसला.

"तुमची? वहिनी, काहीही! गेल्या महिन्यात तुम्ही माझ्या डब्याचं गच्च बसलेलं झाकण दातांनी उघडलंत!"

"म्हणूनच तर गेले ना. उघड आणखी झाकणं. आत्ता तोंडात आहे ती तात्पुरती."

"मग इतका वेळ बोलला नाहीत ते?" मास्तरांनी विचारलं.

"लाज वाटली, मास्तर. म्हटलं, बघू या, दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येते का. नाही जमलं." त्यांनी कमरेवर हात ठेवले. "आता हसा. मी इतकी वर्षं तुम्हाला हसले, आज तुमची पाळी. पण पोटभर हसून घ्या, उद्या पुन्हा हसलेलं मी ऐकून घेणार नाही."

गल्ली हसली. थोडीथोडकी नाही, अगदी सढळ हाताने हसली. किराणावाल्याने तर ओठ आत ओढून, गाल खपाटीला नेऊन वहिनींचीच नक्कल वहिनींना करून दाखवली आणि ती बरी जमली. वहिनी मान ताठ ठेवून उभ्या होत्या. एक टेलरबाई तेवढी हसत नव्हती. मघाशी कवळी उजेडात धरून "गडी माणूस आहे" म्हणणाऱ्या वहिनी तिने पाहिल्या होत्या. तिने वहिनींकडे पाहिलं, मग घराच्या बंद दाराकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," ती एकदम म्हणाली. "वहिनींनी मला सांगितलं होतं."

गरीब स्वभावाच्या माणसाने आयुष्यात एकदाच मारलेली थाप होती ती, पण नेमकी वेळेवर बसली. वहिनींनी तिचा हात दाबला आणि आत गेल्या.

भाऊ मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, पाठ दाराकडे. वहिनींनी खिशातून कवळी काढली, स्वच्छ धुतली, बशीत ठेवली आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली. भाऊंनी तिकडे पाहिलं नाही.

"ऐकलं मी सगळं," ते म्हणाले. "कशाला केलंस?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला?" भाऊ वळले. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दादाची कवळी पडली त्याला किती वर्षं झाली? दादा जाऊनही वर्षं झाली. अजून ती रोज पडते आहे."

वहिनींना यावर पुष्कळ बोलता आलं असतं. एरवी बोलल्याही असत्या. त्या समोर खाली बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "नक्कल बंद. आजपासून बंद."

"आणि हे बाहेरचं? आता जन्मभर तुला चिडवतील."

"चिडवू देत. माझी कातडी जाड आहे. तुम्हाला हसलेलं मात्र मला चालायचं नाही, हे मला आजच कळलं बघा." त्यांचा आवाज हलला, म्हणून त्यांनी तो लगेच वाढवला. "आता घालताय की मीच घालू? माझीच आहे ती, सगळ्या गल्लीला माहीत आहे!"

भाऊंनी कवळी उचलली. आरशाकडे न जाता, बायकोसमोरच तोंड उघडून ती बसवली. एका बाजूला जराशी रुतली, त्यांनी जिभेने चाचपली, जबडा दोनदा मिटला. मग वहिनींनी कात्री आणली आणि त्यांची मिशी छाटली.

संध्याकाळी व्हरांड्यात नेहमीची मंडळी जमली. भाऊ आज वहिनींच्या शेजारी बाकावर येऊन बसले होते. बाकावर आता सामान उरलं नव्हतं. तवा किराणावाल्याचा निघाला, टेबलफॅन मास्तरांचा. टेलरबाईने चहा केला आणि बेकरीतली कडक बिस्किटं आणली, ती दातांनी फोडायला एरवी गल्लीत वहिनींचा हात धरणारं कोणी नसायचं. ताटली फिरत वहिनींपाशी आली, तशी सगळी गल्ली बघू लागली.

वहिनींच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. त्यांनी बिस्कीट घेतलं, क्षणभर हातात धरलं आणि चहात बुडवलं. मऊ होईपर्यंत बुडवूनच ठेवलं.

"अरेरे," किराणावाला मनापासून हळहळला. "वाघीण गेली."

शेजारी कडाकड आवाज झाला. भाऊंनी बिस्कीट कोरडंच तोंडात घातलं होतं. कवळी रुतल्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं फक्त वहिनींना दिसलं. भाऊंनी ते चावून संपवलं आणि दुसरं उचललं.

"वहिनी, भाऊंकडून शिका जरा," टेलरबाई म्हणाली. "या वयात काय दात आहेत!"

भाऊ हसले, तोंडावर हात न नेता, सगळ्यांना दिसतील असे. वहिनींचं भिजलेलं बिस्कीट तुटून कपात पडलं.

"शिकते हो," त्या म्हणाल्या आणि चमच्याने ते काढून खाऊ लागल्या.